उदारमतवादाची मूळ तत्त्वं कोणती, आणि उदारमतवादी आपसातच का भांडतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत. उदारमतवादाची मूळ तत्त्वं काय? ‘सरकारने बाजारातून हात काढावा’ म्हणणारा आणि ‘सरकारने शाळा-दवाखाने चालवावेत’ म्हणणारा, दोघंही स्वतःला लिबरल कसे म्हणवतात? आणि तुम्हाला आरक्षणही पटतं, खुला बाजारही पटतो, तर मग तुम्ही कोण?

आधी शब्दाचा घोळ. मी काही वर्षं अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवत होतो. एका पोराने पेपरात लिहिलं होतं, ‘उदारमतवादी म्हणजे सढळ हाताने दान करणारा.’ मी अर्धा गुण दिला. चूक त्याची नव्हती. ‘उदार’ म्हटलं की आपल्याला कर्णच आठवतो. इथे दानाचा संबंध नाही, संबंध आहे स्वातंत्र्याशी.

मूळ तत्त्वं फार नाहीत. माणूस आधी; जात, धर्म, राष्ट्र नंतर. माझ्यावर सत्ता गाजवायची असेल तर कारण गाजवणाऱ्याने द्यायचं. राजाही कायद्याखाली. श्रद्धा आणि मत ज्याचं त्याचं. स्वतः कमावलेलं कोणी उठून हिसकावू नये. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात याला एक कसोटी दिली: दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसाला रोखा, त्याच्या भल्यासाठी म्हणून नव्हे. गंमत म्हणजे हा मिल ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि ‘मागासलेल्या’ समाजांना हे तत्त्व लागू नाही, असं त्याच पुस्तकात सांगून मोकळा झाला. त्याच्या आधीचा इंग्रज विचारवंत जॉन लॉक, त्याची सहिष्णुताही नास्तिकांपाशी येऊन थांबत होती.

भांडण सुरू होतं ते एका प्रश्नावर: माझ्या स्वातंत्र्याला धोका कोणापासून?

एक घराणं म्हणतं, सरकारपासून. न्यूयॉर्कमध्ये बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवू नये असा कायदा होता. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यावर घाला येतो, हे कारण. दुसरं घराणं म्हणतं, गरिबीपासूनही; ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची भ्रांत आहे त्याने केलेल्या कराराला स्वतंत्र कसं म्हणायचं? इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांनी हा मुद्दा १८८१ मध्येच मांडला होता. पुढे विसाव्या शतकात दुसऱ्या घराण्याचे जॉन रॉल्स आणि पहिल्या घराण्याचे रॉबर्ट नोझिक हे अमेरिकी तत्त्वज्ञ एकाच हार्वर्ड विद्यापीठात बसून हाच वाद जास्त जड भाषेत घालत राहिले.

आपल्याकडेही दोन्ही घराणी आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं, की इंग्रजी अर्थशास्त्राचे ‘सरकारने मध्ये पडू नये’ छापाचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे चालणार नाहीत. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. सक्ती, आणि तीही एका उदारमतवाद्याकडून! पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. उलट शेतकरी संघटनेचे शरद जोशी. खुला बाजार म्हणजे शेठजींची सोय, असं मानणाऱ्या महाराष्ट्राला त्यांनी ऐकवलं, की शेतमालाचे भाव सरकारच पाडतं आणि शेतकऱ्याला मुक्ती हवी आहे ती सरकारच्या हातातून. मला त्यांचं सगळं पटत नाही. पण हे ऐकल्याशिवाय पहिल्या घराण्याला श्रीमंतांचे वकील ठरवून मोकळं होणं हा निव्वळ आळस.

तिसरा धोका समाजाचा. पुस्तकी मांडणीत याला एखादा परिच्छेद मिळतो, पण आपल्या देशात खरी कसोटी इथेच लागते. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकार आडवं नव्हतं. तरी पाण्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्यायलं, तेव्हा परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. सरकारने बाजूला व्हावं, लोक आपापसात पाहून घेतील, या म्हणण्याचा महाडमधला अर्थ हा असा होतो.

पुढचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा सत्याग्रहाला निघाले, तेव्हा विरोधकांनी कोर्टात दावा लावला: तळं सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचं आहे. मालमत्तेचा हक्क! उदारमतवादाच्या भात्यातलाच बाण. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. बाबासाहेबांनी ती मानली आणि सत्याग्रह थांबवला. सगळी चीड गिळून कायद्याचं राज्य मानण्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

आता समजा, तळं खरंच खाजगी निघालं असतं तर? पहिल्या घराण्याचा कट्टर माणूस म्हणेल, वाईट झालं, पण मालकाची मर्जी. आपल्या संविधानाने कलम १५(२) मध्ये थोडं वेगळं उत्तर दिलं. जातीवरून दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात कोणाला अडवता येणार नाही, मग मालक खाजगी का असेना. विहिरी आणि तळी मात्र सरकारी खर्चाने राखलेली किंवा जनतेसाठी वाहिलेली असली पाहिजेत.

राहता राहिला तुमचा तिसरा प्रश्न. आरक्षण आणि खुला बाजार एकत्र पटण्यात काही विसंगती नाही. तुम्हाला समाजाचाही धोका दिसतो आणि सरकारचाही, एवढंच. तुमचा कल ताडायला मी वेगळं काही विचारेन. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा ‘सभासद फक्त पारशीच’ हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला; आपापली संघटना बांधण्याचं स्वातंत्र्य मोठं मानलं. तो निकाल तुम्हाला पटतो का? आणि सोसायटी पारशांची नसून गावातल्या एखाद्या बड्या जातीची असती, तरीही पटला असता का? ही दोन उत्तरं कळवा, मग तुम्ही कोण ते सांगतो.