अनोळखी पोर्तुगीज कागद वाचताना

चि. अभ्यासकास,
सप्रेम आशीर्वाद.

मराठ्यांच्या इतिहासासाठी पणजीच्या दप्तरखान्यातले सतराव्या शतकातले पोर्तुगीज कागद मुळातून वाचावेत, ही तुझी इच्छा मला मनापासून आवडली; पण भाषा पक्की येईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही, हा संकल्प मात्र सोडून दे, कारण ही भाषा कागद वाचता वाचताच अंगवळणी पडते.

आरंभी अर्थाच्या मागे लागू नकोस. अक्षर न् अक्षर जसेच्या तसे उतरवून घे, शंका येईल तिथे कंस कर आणि मग तारीख, ठिकाण, सही व विशेषनामे तेवढी शोध. 'सेवाजी' म्हणजे शिवाजी महाराज आणि 'इदाल्कांव' म्हणजे आदिलशहा एवढे उमगले, तरी पत्र कोणाविषयी आहे हे कळते.

तारखेपाशी मात्र नीट थांब. लेखनिक महिन्यांची नावे आखडून लिहीत. ९ या आकड्याला जोडून 'ब्रो' ही अक्षरे दिसली की नवख्याला तो सप्टेंबर वाटतो, पण मार्चपासून मोजण्याच्या जुन्या रोमन पद्धतीमुळे तो नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबरसाठी ७ लिहिलेला असतो. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्या धामधुमीतले पत्र सप्टेंबरातले मानलेस, तर पुढचा सगळा घटनाक्रम कोलमडेल.

तितकीच काळजी अक्षरांवरच्या नागमोडी रेघेची घे. ती गाळलेल्या अक्षरांची खूण असते, आणि नकारार्थी शब्दही पुष्कळदा असाच आखडलेला असल्याने ती रेघ नजरेतून सुटली की 'तह केला नाही' याचे 'तह केला' होते.

कोशात शब्द सापडला नाही म्हणून खचू नकोस. १९११ च्या सुधारणेपूर्वीचे शुद्धलेखन निराळे होते. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५३ ते १९५७ या काळात गोव्याच्या राज्यमंडळाच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या सल्लागार मंडळाच्या, ठरावांचे पाच खंड मूळ पोर्तुगीजमध्ये छापले. आपल्या कागदाच्याच काळातला खंड शेजारी उघडून बसलास, तर सरकारी लिखाणातली ठरावीक वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात, आणि माझ्या मते कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाहून ती अधिक शिकवतात. यांत्रिक भाषांतराची मदत जरूर घे, पण स्वतःची नक्कल पुरी झाल्यावरच.

पहिल्या कागदाची नक्कल तयार झाली की सगळ्या कंसांसकट मला पाठव.

तुझा हितचिंतक