आल्पेनरोझला गुलाब म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका जर्मन प्रवासवर्णनाचं भाषांतर करताना ‘आल्पेनरोझ’ हा शब्द आला. वर्णन उंचावरच्या उघड्या कातळाचं. प्रश्नकर्तीने केलेलं वाक्य: ‘खडकांवरील झुडूपांवर आल्प्सचे गुलाब फुलले होते.’ हे चालेल का?

शब्दाला शब्द लावायचा तर चालेल. पण वाचक त्या झुडपात काटे शोधायला लागेल, आणि तिथे काटे नाहीत. आल्पेनरोझ हे ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे हिमालयातल्या बुरांशाच्या गोतातलं झुडूप आहे, गुलाबाचं दूरचंसुद्धा नातेवाईक नव्हे. झुडूप गुडघा-मांडीएवढं, फार तर मीटरभर. पानं चिवट, बारमाही हिरवी. जून-जुलैत लालगुलाबी फुलांचे झुबके येतात. फुलाच्या पाकळ्या गुलाबासारख्या सुट्या नसतात. खाली नळी आणि तोंडाशी पाच पाळ्या असा घाट असतो.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. आल्प्समध्ये खराखुरा गुलाबही आहे: रोझा पेंडुलिना. त्याचं एक जुनं शास्त्रीय नाव रोझा अल्पिना, म्हणजे अगदी ‘आल्प्सचा गुलाब’. त्यालाही बहुधा काटे नसतात, पण कूळ गुलाबाचंच. पुढे पुस्तकात तो आला तर काय करणार? तेव्हा ‘आल्प्सचा गुलाब’ त्याच्यासाठी राखून ठेवा.

मग जर्मन माणसाने गुलाब नसलेल्याला गुलाब का म्हटलं? आपण चाफ्याचं काय केलंय ते बघा. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा: चौघांची कुळं चार, पण आपल्या लेखी सगळे चाफेच. ओळखीच्या फुलाचं नाव घ्यायचं आणि पुढे-मागे एक शब्द जोडायचा, हा लोकांचा जुना शिरस्ता आहे. मुन्नारकडे ऱ्होडोडेंड्रॉनला ‘काट्टुपूवरसु’ म्हणतात, म्हणजे रानातला पूवरसु. पूवरसु म्हणजे आपला पारस पिंपळ. त्याचा आणि ऱ्होडोडेंड्रॉनचाही काही संबंध नाही.

‘ऱ्होडोडेंड्रॉन’ या नावातही गुलाब बसलेला आहेच. ग्रीकमध्ये ऱ्होडॉन म्हणजे गुलाब, डेंड्रॉन म्हणजे झाड. पण ग्रीक आणि रोमन लोक हे नाव कुणाला देत होते? चक्क कण्हेरीला! पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी या नावाखाली जे सांगतो ते कण्हेरीचंच वर्णन आहे, जनावरांना तिची पानं विषारी असतात यासकट. पुढे युरोपात हे नाव कण्हेरीवरून सरकत डोंगरावरच्या झुडपावर गेलं आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली ते तिथे पक्कं केलं. विषारीपणा मात्र दोघींत सारखा राहिला, कारण ऱ्होडोडेंड्रॉनची पानंही गुरांना बाधतात. याच प्रजातीतल्या हिमालयी झाडाचं शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम, म्हणजे ‘झाडासारखं गुलाबझाड’. पिवळं पीतांबर आणि गाईचं गोमूत्र फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

हेच हिमालयी झाड म्हणजे ट्रेकवाल्यांच्या ओळखीचा बुरांश. तोच शब्द इथे वापरावा का? मला पटत नाही. बुरांश म्हटलं की उत्तराखंडातला लालभडक फुलांचा उंच वृक्ष आणि बाटलीतलं सरबत डोळ्यांसमोर येतं. आल्प्समधलं खुरटं झुडूप येत नाही. शिवाय हिमालयातले लोक स्वतः असा घोळ घालत नाहीत. नेपाळमध्ये वृक्ष तो लालीगुरांस, आणि वर उंचावर धुपासाठी तोडतात ती बुटकी झुडपं सुनपाती. महाराष्ट्रात ऱ्होडोडेंड्रॉन रानात उगवतच नाही, त्यामुळे आपल्याकडे देशी नाव नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि संस्कृतातून ‘शैलपाटल’ वगैरे घडवण्याचीही गरज नाही.

पुस्तकात पुढे एखादवेळी ‘रोस्टब्लेट्रिगे आल्पेनरोझ’ येईल. रोस्ट म्हणजे गंज. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटच्या वरच्या वाटेवर मी एक पान उलटून पाहिलं होतं. वरून गुळगुळीत गर्द हिरवं, खालून मात्र जुन्या बिजागरीसारखं तपकिरी, बारीक खवल्यांनी भरलेलं. शास्त्रीय नावातलं ‘फेरुजिनियम’ही तेच सांगतं. इथे ‘तांबेरी पानांचं’ लिहायचा मोह होईल, तो टाळा. तांबेरा म्हटलं की मराठी वाचकाला गव्हावरचा रोग दिसतो आणि निरोगी झुडूप उगाच आजारी पडतं. ‘गंजरंगी पानांचं’ म्हणा. आल्पेनरोझची दुसरी जात पानांच्या कडांना केस असलेली. ती चुनखडीच्या खडकावर वाढते आणि गंजरंगी पानांची जात चुनखडी टाळते. मूळ लेखकाने खडकाचा प्रकार सांगितला असेल तर झुडूप कोणतं ते त्यावरूनही ताडता येईल.

माझं मत: ‘आल्पेनरोझ’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ऱ्होडोडेंड्रॉनचं बुटकं झुडूप’ एवढं वाक्यातच सांगून टाका. उच्चारातला झ झाडातला, झिम्म्यातला नव्हे. जर्मनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत मी नपुंसकलिंगी चालवेन, कारण आपल्या डोक्यात ‘ते झुडूप’ किंवा ‘ते फूल’ असतं: आल्पेनरोझ फुललं होतं.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘कातळाच्या खाचाखाचांतून आल्पेनरोझची झुडपं लालगुलाबी फुलली होती.’ आणि हो, ‘झुडूपांवर’ नको, ‘झुडपांवर’.