एकच वेब अ‍ॅप तीन डेटाबेसवर, नुसती कनेक्शन स्ट्रिंग बदलून?

तुमचा प्रश्न मला असा समजला. कांदा व्यापाऱ्यांसाठी खरेदी-पट्टीचं वेब अ‍ॅप तुम्ही पायथन आणि फ्लास्कमध्ये केलंय, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे. आता पिंपळगाव बसवंतच्या एका व्यापाऱ्याला ते दुकानातल्या एकाच पीसीवर हवंय, म्हणून तिथे एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस. दिंडोरीकडचं एक द्राक्ष पॅकहाउस म्हणतंय, ‘आमचं सगळं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर आहे, तुमचंही त्यावरच हवं.’ एसक्यूएल-अल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी वापरली तर नुसती कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड सांगणारी ओळ, बदलून भागेल का, आणि क्लायंटला तसं सांगायचं का?

तसं सांगू नका. लायब्ररी जरूर वापरा, पण ‘एक ओळ बदलली की झालं’ हे शब्द कोटेशनमध्ये गेले की पुढचे सहा महिने फुकटात राबावं लागतं. मी नाशिकमध्ये याच प्रकारची कामं करतो, अंबडच्या कारखान्यांची आणि निफाड-लासलगाव पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांची, त्यामुळे क्लायंट कुठे अडून बसतो ते बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आधी पॅकहाउसवाल्यांना एकच विचारा: तुमचं अ‍ॅप त्यांच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालायला हवंय, की तुमच्याकडची खरेदी त्यांच्या अकाउंट्समध्ये दिसायला हवी आहे? दहातल्या आठांना दुसरं हवं असतं. त्यांचा अकाउंटंट रोज संध्याकाळी शेतकरीनिहाय रक्कम बघतो, बाकी टेबलं कुठे पडलीत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तसं असेल तर अ‍ॅप मायएसक्यूएलवरच राहू द्या आणि कोडमध्ये दुसरं इंजिन, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसची जोडणी, उघडा. एसक्यूएल-अल्केमीत एकाच प्रोग्राममध्ये दोन वेगवेगळ्या डेटाबेसची इंजिनं बिनतक्रार नांदतात. पट्टी पक्की झाली की तिची एक ओळ एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका ठरलेल्या टेबलात टाकायची. एक टेबल, सात-आठ कॉलम. अख्खं अ‍ॅप तिकडे नेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. फक्त दोन्हीकडे एकदमच कमिट होईल, म्हणजे नोंद पक्की होईल, असं समजून चालू नका. पाठवलेल्या ओळीवर ‘पाठवली’ अशी खूण तुमच्या बाजूला ठेवा, आणि तिकडच्या टेबलात पट्टी नंबर युनिक करा. मग मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पाठवता येतं आणि दुबार नोंद पडत नाही.

अख्खं अ‍ॅपच तिकडे न्यायचं ठरलं, तर लायब्ररी काय करते आणि काय करत नाही ते नीट बघू.

पायथनमध्ये डेटाबेस ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा तुकडा, कसा वागावा याचं एक ठरलेलं मानक आहे, पेप २४९. गंमत अशी की क्वेरीत व्हॅल्यूची जागा कशी दाखवायची याच्या पाच पद्धती त्या मानकानेच मान्य केल्यात. एसक्यूलाइटचा ड्रायव्हर प्रश्नचिन्ह घेतो, मायएसक्यूएलचे टक्क्याचं चिन्ह मागतात. म्हणजे नुसता ड्रायव्हर बदलला तरी हाताने लिहिलेली क्वेरी मोडते. एसक्यूएल-अल्केमी २००६ पासून हेच काम अंगावर घेतेय. तुम्ही क्वेरी तिच्या पद्धतीने लिहायची, आणि ज्या डेटाबेसची डायलेक्ट, म्हणजे बोली, जोडली असेल त्याला समजेल असं एसक्यूएल ती बनवते. मायएसक्यूएलला ‘लिमिट’ लागतं, एसक्यूएल सर्व्हरला ‘टॉप’ किंवा ‘ऑफसेट-फेच’, ते तिचं ती बघते. तरी पान क्रमांक दोनची यादी मागताना ‘ऑर्डर बाय’ दिलं नसेल तर एसक्यूएल सर्व्हरवर ती सरळ एरर देते. द्यायलाच हवी, क्रम न सांगता दुसरं पान मागण्याला अर्थ नाही.

हे व्याकरण झालं. ते लायब्ररीकडे सोपवून निर्धास्त राहा, अट एवढीच की कच्च्या एसक्यूएलच्या ओळी कोडमध्ये जागोजागी पसरलेल्या नसाव्यात. कच्चं एसक्यूएल चालवणारं ‘टेक्स्ट’ फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते प्रोजेक्टभर शोधा. ज्या क्वेऱ्या खरंच हाताने लिहाव्या लागतात त्या एका फाइलीत आणा. किती पाणी आहे ते तिथेच कळेल.

आत गेलेली माहिती कशी साठते, कशी ताडली जाते, हा ज्या-त्या डेटाबेसचा स्वभाव. त्यात लायब्ररी फारशी पडत नाही, आणि आपल्याकडे तर पहिला फटका मराठीलाच बसतो. मॉडेलमध्ये शेतकऱ्याच्या नावाचा कॉलम तुम्ही बहुतेक ‘स्ट्रिंग’ म्हणून लिहिला असेल. मायएसक्यूएल ८ मध्ये मुळातच यूटीएफ८-एमबी४ ही सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत असते, त्यामुळे ‘बाळासाहेब’ व्यवस्थित साठतं. एसक्यूएल सर्व्हरवर त्याच ‘स्ट्रिंग’चा ‘व्हारकार’ हा मजकुराचा प्रकार होतो, आणि नेहमीच्या कोलेशनच्या (अक्षरं ठेवण्या-ताडण्याच्या नियमांच्या) व्हारकारमध्ये देवनागरीला जागाच नाही. एरर येत नाही. पट्टी सेव्ह होते, हिरवी टिक दिसते, आणि टेबलात नावाच्या जागी ओळीने नऊ प्रश्नचिन्हं असतात. ब, काना, ळ, काना असं मोजलं तर बाळासाहेबमध्ये नऊ खुणा भरतात, प्रत्येकीचं एक प्रश्नचिन्ह. हा फाँटचा घोळ नाही, मूळ नाव पुसलं गेलेलं असतं आणि बॅकअपशिवाय परत मिळत नाही. म्हणून मॉडेलमध्ये आजच ‘स्ट्रिंग’ऐवजी ‘युनिकोड’ लिहा. मायएसक्यूएलवर काही फरक पडत नाही, एसक्यूएल सर्व्हरवर मात्र त्याचा ‘एनव्हारकार’ होतो आणि नाव वाचतं. जुनी टेबलं असतील तर कॉलमचा प्रकार वेगळा बदलावा लागेल, नुसतं मॉडेल बदलून होणार नाही.

मराठीचंच अजून एक. ‘गोऱ्हे’ आडनावातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. एसक्यूलाइट बाइट ताडून बघतं, त्यामुळे एकच शेतकरी दोन खात्यांत विभागला जातो, आणि उचल एका खात्यावर तर पट्टी दुसऱ्यावर अशी भानगड होते. सेव्ह करण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या ठरलेल्या एकसंध, स्वरूपात आणा, पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एका ओळीत होतं. डेटाबेस कुठलाही असो, हे कराच.

पिंपळगावच्या व्यापाऱ्याकडे वेगळी अडचण येईल, पैशांची. मायएसक्यूएलमधला डेसिमल दशांशापर्यंत चोख असतो. एसक्यूलाइटमध्ये तसा प्रकारच नाही. कॉलमला डेसिमल नाव दिलं तरी अपूर्णांक आत फ्लोट, म्हणजे अदमासे साठणारी संख्या, म्हणून बसतो, एसक्यूएल-अल्केमी तसा इशाराही देते, जो आपण लॉगमध्ये वाचत नाही. एका पट्टीत काही कळत नाही. हंगामात हजारो पट्ट्यांची बेरीज क्वेरीतच केली की कधीतरी पैशाचा फरक पडतो, आणि व्यापारी रुपये सोडेल, पण वहीशी न जुळणारे पैसे सोडणार नाही. रक्कम पैशांत आणि वजन किलोत, पूर्णांकात ठेवा. २३.४५ क्विंटल माल, दर १,८१५ रुपये: २३४५ किलो गुणिले १,८१,५०० पैसे, भागिले १००, म्हणजे ४२,५६,१७५ पैसे. दाखवताना ४२,५६१.७५ रुपये. हमाली, तोलाई, वाराई सगळी याच हिशेबात वजा करा. तिन्ही डेटाबेसवर तेच उत्तर येतं.

एसक्यूलाइट आणखी एका बाबतीत सैल आहे. पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘बारा गोणी’ असं लिहिलं तरी ते मुकाट्याने ठेवून घेतं, व्हारकारला दिलेली लांबीही पाळत नाही. फॉरेन की, म्हणजे शेतकरी आणि त्याच्या पट्ट्या बांधून ठेवणारा दुवा, तर दर कनेक्शनला प्रॅग्मा नावाची आज्ञा देऊन चालू करावी लागते, नाहीतर शेतकरी डिलीट होतो आणि त्याच्या पट्ट्या पोरक्या राहतात. इंजिनच्या ‘कनेक्ट’ इव्हेंटला ती एक ओळ लावून टाका.

गाडी नंबरचं बघा. एकाने एमएच-१५ कॅपिटल इंग्रजी अक्षरांत टाकलं, दुसऱ्याने छोट्या. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगला दोन्ही एकच धरतात, एसक्यूलाइट वेगळे. त्यात एसक्यूलाइटचं ‘लाइक’ इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठेपणा बघत नाही, म्हणजे शोधताना गाडी सापडते पण युनिकची अट तिला अडवत नाही. आत घेतानाच कॅपिटल करून घ्या. उलटी तऱ्हा मोबाइल नंबरची. कॉलम युनिक ठेवला आणि नंबर नसलेल्या शेतकऱ्याला नल, म्हणजे रिकामी जागा, दिला, तर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर फक्त एक. बिनमोबाइलचा दुसरा शेतकरी आला की नोंदच होत नाही. तिथे नल वगळणारा फिल्टर्ड इंडेक्स करावा लागतो.

टेबलं बदलायला अलेम्बिक हे साधन वापरा. मायएसक्यूएलमध्ये टेबल बदलण्याची प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे कमिट होते, त्यामुळे मायग्रेशन, म्हणजे टेबलांमधला हा बदल, मध्येच फसलं तर अर्धवट अडकतं. एसक्यूलाइटला कॉलम बदलण्याचं फारसं येत नाही, त्यासाठी अलेम्बिकचा बॅच मोड आहे.

कनेक्शनचं म्हणाल तर मायएसक्यूएल आठ तास गप्प असलेलं कनेक्शन स्वतःहून तोडतं. रात्री अ‍ॅप रिकामं, सकाळी लिलावाच्या आधी पहिला माणूस लॉगिन करतो आणि त्याच्या तोंडावर एरर. इंजिनला ‘पूल प्री-पिंग’, म्हणजे वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणं, चालू करा, विषय संपला. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असेल तर त्यात टीसीपी-आयपी मुळात बंद असतं, ते चालू करून घ्या. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ कनेक्शन एन्क्रिप्टच मागतो, त्यामुळे ऑफिसातल्या सर्व्हरला धड सर्टिफिकेट नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली जाते. याचा शोध घेण्यात लोकांचा दिवस जातो, म्हणून लिहून ठेवलं.

आता पैशाचं. प्रत्येक डेटाबेस म्हणजे वेगळी चाचणी, वेगळा बॅकअप, वेगळं इन्स्टॉलेशन, हे क्लायंटला कोटेशनमध्येच दाखवा. तिन्ही डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं साधन) उभे करा आणि तेच टेस्ट प्रत्येक बदलानंतर तिन्हींवर चालवा. टेस्टमध्ये गोऱ्हे, छोट्या अक्षरांतला एमएच-१५ आणि मोबाइल नसलेले दोन शेतकरी असू द्या. टेस्ट एसक्यूलाइटवर आणि खरं काम एसक्यूएल सर्व्हरवर, असं करणारे बरेच आहेत. ते टेस्ट फक्त स्वतःच्या समाधानासाठी असतात. माझ्यावर असतं तर पिंपळगावला एसक्यूलाइट दिलंच नसतं. त्याच पीसीवर मायएसक्यूएल बसतं आणि सांभाळायचा एक डेटाबेस कमी होतो.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की पॅकहाउसच्या सर्व्हरशी जोडताना ‘होस्ट सापडत नाही’ असं येतंय, पासवर्ड तर बरोबर आहे. त्या पासवर्डमध्ये @ असणार. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये @ नंतर होस्टचं नाव सुरू होतं, त्यामुळे पासवर्डचा उरलेला तुकडा होस्टच्या नावाला जाऊन चिकटतो. @ च्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत चाळीस लिहा. किंवा स्ट्रिंग हाताने जोडूच नका, एसक्यूएल-अल्केमीच्या ‘यूआरएल डॉट क्रिएट’ला नाव, पासवर्ड, होस्ट वेगवेगळे द्या.