बॉक्स घेऊ की सुटे खंड? कॉमिक्स जमवणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, मला पीनट्स या कॉमिक स्ट्रिपची सगळी हार्डकव्हर घ्यायचीत, स्नूपी म्हणजे माझा जीव की प्राण. दोन-दोन खंडांचे बॉक्स दिसतात आणि सुटे खंडही दिसतात. बॉक्समध्ये काही वेगळं असतं का? घरात एकाच भिंतीपुरती जागा आहे आणि मिसेस म्हणतात की काय ते एकदाच ठरवा.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आतली पुस्तकं तीच असतात हो, पानाचाही फरक नाही. फँटाग्राफिक्स या प्रकाशकाने २००४ ते २०१६ या काळात ही मालिका काढली, एकूण २६ खंड, त्यातल्या २५ खंडांत १९५० ते २००० पर्यंतच्या रोजच्या आणि रविवारच्या सगळ्या स्ट्रिप आहेत आणि शेवटच्यात बाकीचं इकडचं तिकडचं काम. एका खंडात साधारण दोन वर्षं. बॉक्स म्हणजे असे लागोपाठचे दोन खंड आणि बाहेरून जाड पुठ्ठ्याची पेटी, बस. म्हणजे जास्तीचे पैसे आहेत ते पेटीचे, आणि पेटी वाचता येत नाही.

माझं मत विचाराल तर इथे सुटेच घ्या, आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा हट्ट सोडा. पहिल्या खंडातला स्नूपी चार पायांवर चालणारं साधं कुत्र्याचं पिल्लू आहे, ते बघायला गोड वाटतं पण तुम्ही ज्या स्नूपीवर जीव टाकता तो हा नव्हे. घराच्या छपराला विमान समजून रेड बॅरन या जर्मन वैमानिकाशी लढणारा स्नूपी १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये आला, म्हणजे तुम्ही १९६५-६६ चा खंड आधी आणा, तो वाचून मग मागे जायचं की पुढे जायचं ते आपोआप कळतं. त्याचा पक्षी मित्र वूडस्टॉक, त्याला नाव मिळालं १९७० मध्ये, तो हवा असेल तर १९६९-७० चा खंड. अशी आपल्या आवडीची चार-पाच वर्षं आधी घरात येऊ द्या. सलग २६ खंड एकदम मागवून त्यातले १८ प्लॅस्टिकमध्येच राहिलेले मी बघितलेत आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पीनट्सचा चित्रकार शुल्झ, त्याने ५० वर्षं जवळजवळ रोज स्वतःच्या हाताने काढलंय ते, अक्षरांसकट, मदतनीस न ठेवता. ते उघडून वाचायला हवं.

एक सांगून ठेवते, रविवारच्या स्ट्रिपसुद्धा या खंडांत काळ्या-पांढऱ्याच आहेत. रंगीत रविवार हवे असतील तर त्यांची मोठ्या आकाराची वेगळी मालिका आहे.

बॉक्स घ्यायचा तो कधी? एक म्हणजे मालिका संपलेली हवी, दुसरं म्हणजे ती तुम्हाला अथपासून इतिपर्यंत वाचायची हवी, आणि तिसरं, सुट्यांपेक्षा बॉक्स स्वस्त पडला तर. हे तिसरं सेलमध्ये कधीकधी होतं, तेव्हा खुशाल घ्या, पेटी फुकट आली समजा.

प्रश्न : ताई मी सेकंड इयरला आहे, पॉकेटमनी साठवून कॅल्विन अँड हॉब्सचा तो मोठा बॉक्स घ्यायचाय. त्याचे सुटे खंड मिळतील का? आणि टिनटिनचा बॉक्स पण छान दिसतो, तो घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : अगं त्या हार्डकव्हरचे तीन खंड सुटे विकायला काढलेलेच नाहीत, त्यामुळे तुझा प्रश्न अर्धा सुटलाच. २००५ मध्ये आलेला हा सेट साधारण १० किलोचा आहे, हॉस्टेलच्या कॉटवर आडवं पडून वाचायचा विचार असेल तर तो मनातून काढून टाक, टेबलच लागतं. पण २०१२ मध्ये हेच सगळं पेपरबॅकमध्ये चार खंडांत आलं, त्यालाही बॉक्स आहे, स्ट्रिप त्याच, वजन कमी, किंमतही कमी. तू तो घे. आणि हा बॉक्स मी कुणालाही डोळे झाकून घ्यायला सांगते, कारण वॉटरसनने ही स्ट्रिप १९८५ ते १९९५ एवढीच काढली आणि स्वतःहून थांबला, अख्खी स्ट्रिप एका बॉक्समध्ये मावते आणि त्यात भरीचं काही नाही. १९९२ पासूनच्या रविवारच्या स्ट्रिप बघ, त्याने पेपरवाल्यांशी भांडून अर्धं पान सलग मिळवलं आणि मग त्या जागेत चौकटी मोडून काय काय केलंय ते बघताना वेळेचं भान राहत नाही.

टिनटिनचं मात्र उलट. तो हार्डकव्हर बॉक्स म्हणजे एका खंडात तीन-तीन गोष्टी आणि आकार छोटा केलेला. टिनटिनचा चित्रकार एर्जे, त्याच्या चित्रात मागच्या रस्त्यावरच्या गाड्या, दुकानांच्या पाट्या, जहाजाचे दोरखंड सगळं नीट काढलेलं असतं, ते लहान केलं की डोळे बारीक करून बघावं लागतं आणि फुग्यातली अक्षरंही बारीक होतात. मोठ्या आकाराचे सुटे अल्बम घे, पेपरबॅक असले तरी चालतील, महिन्याला एक. डेक्कनला किंवा एफ. सी. रोडला जाशील तेव्हा दोन्ही हातात धरून एकच पान शेजारीशेजारी बघ, मग मला काही सांगावं लागणार नाही. आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तोपर्यंत थोडे पैसे राखून ठेव.

प्रश्न : लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम, मराठीत वाचलाय. आता वेताळाचे हार्डकव्हर खंड निघालेत असं कळलं. तोच आनंद मिळेल का?
— एक काका, सिंहगड रोड

उत्तर : काका, वेगळा आनंद मिळेल, तोच नाही, हे आधी सांगते म्हणजे पार्सल उघडल्यावर हिरमोड होणार नाही. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, त्यात पेपरमधल्या आडव्या स्ट्रिप कापून पानाच्या आकारात बसवायचे, वरून रंग भरायचे आणि पानं पुरली नाहीत की चौकटी गाळायचे. हर्मिस प्रेसचे खंड २०१० पासून निघतायत, त्यात रोजची स्ट्रिप जशी पेपरात आली तशी आडवी, काळी-पांढरी आणि न गाळता आहे. इंग्रजीत अर्थात. वेताळाचा लेखक ली फॉक, त्याने गोष्ट कशी रोज तीन-चार चौकटींत ताणत नेली ते इथेच कळतं.

पण खंड १९३६ पासून क्रमाने आहेत. सुरुवातीची चित्रं रे मूरची, सावल्यांनी भरलेली, मग विल्सन मॅकॉयची साधी सोपी. तुमच्या डोळ्यांपुढे जो वेताळ आहे तो बहुधा साय बॅरीचा, त्याने १९६१ मध्ये काम हातात घेतलं. त्यामुळे इथे सुटेच खंड, आणि मागवण्याआधी खंडावरची वर्षं वाचा. रोजच्या आणि रविवारच्या स्ट्रिपचे खंडही वेगवेगळे आहेत, तेही तपासा. जुने मराठी अंक घरात असतील तर ते अजिबात कुणाला देऊ नका, ते या खंडांतून परत मिळणार नाहीत.

प्रश्न : अमर चित्र कथेचं महाभारत सुटं की सेट?
— एक आई, बिबवेवाडी

उत्तर : सेट. मूळ ४२ अंक होते, ते तीन जाड खंडांत बांधलेत, आणि सुटे अंक गोळा करायला गेलात की नेमका मधला कुठला तरी मिळत नाही आणि मुलं अडून बसतात. दिलीप कदमांची चित्रं सलग बघायला मिळतात हा मोठा फायदा.

प्रश्न : मराठीत असं काही का नाही?
— एक वाचक, औंध

उत्तर : हा प्रश्न मलाही छळतो. चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी तो घराघरात नेला, त्याची छोटी छोटी पुस्तकं आली पण वर्षवार, तारखेसकट, शिवलेल्या बांधणीचे खंड हवेत हो. मी पहिल्या दिवशी पैसे भरीन.

प्रश्न : पावसाळ्यात बॉक्समधली पुस्तकं फुगून घट्ट बसतात, ओढताना पाठ फाटते. काय करू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही, पहिलं पुस्तक तिथेच मरतं. बॉक्स पुढे झुकवून खाली हात धरा, एक खंड सरकला की बाकीचे सैल होतात. तरीही अडकले तर जून ते सप्टेंबर पुस्तकं पेटीबाहेर ठेवा, पेटी माळ्यावर टाका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा म्हणजे हवा खेळते. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून मागे ठेवा आणि उघडीप मिळाली की पुस्तकं पंख्याखाली उघडून ठेवा, उन्हात नको, रंग उडतात. कॅल्विनसारखे वजनदार खंड उभे ठेवलेत तर आतल्या पानांचा गठ्ठा स्वतःच्याच वजनाने पुठ्ठ्यापासून सुटायला लागतो, ते आडवे ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नको. आणि पार्टिकल बोर्डाच्या फळीवर तर अजिबात नको, दोन वर्षांत मध्ये झोल येतो, सुताराकडून चांगल्या प्लायची फळी करून घ्या आणि मधे एक टेकू द्यायला सांगा.