जीमेल सोडायचं की नुसतं मोकळं करायचं?

गुरुजी, तुमचा प्रश्न मी असा समजलो. २००९ पासूनचं जीमेल भरलं, नवी पत्रं आत येईनात. पुतण्या म्हणतो झोहो या दुसऱ्या मेल सेवेवर चला, नाहीतर घरीच मेल सर्व्हर (पत्रं घेणारा-पाठवणारा कॉम्प्युटर) टाकू. तुम्हाला मात्र शिक्षक संघटनेची आणि मुलांची जुनी पत्रं परभणीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर कायमची हवी आहेत. नातीचा नीटचा अर्जही याच मेलवर भरलेला आहे.

पत्रं घरी उतरवणं आणि पत्ता बदलणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं दोन-चार दिवसांत निवांत होतं. दुसरं वर्षभर पुरतं. पहिलं आत्ताच करा, दुसऱ्याला हात लावू नका, असं माझं सरळ मत. कारण पुढे येईलच.

त्याआधी एक बघा. गूगलची १५ जीबी नुसत्या मेलची नसते. ड्राइव्ह आणि फोटो त्यातच येतात. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. बहुतेकांच्या खात्यात मेल दोन-तीन जीबीच निघतो, बाकी सगळे गटांवरचे सुप्रभात आणि लग्नाचे व्हिडिओ. गूगल वनमधलं स्टोरेजचं पान उघडलं की कशानं किती जागा खाल्ली ते वेगवेगळं दिसतं. व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा, मग नवा बॅकअप घ्या. तेवढ्यानंच दार उघडेल कदाचित. मेलमध्येही शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारली की आकाराची अट घालता येते. दहा एमबीच्या वरची पत्रं शोधून बघा, पण पुसू मात्र आत्ताच नका.

आता पत्रं घरी आणायचं. दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही करायला सांगेन.

पहिली वाट गूगल टेकआऊट, म्हणजे खात्यातला आपला मजकूर उतरवून घ्यायची गूगलचीच सोय. तिथे आधी सगळ्या खुणा काढून टाका आणि फक्त मेल निवडा, नाहीतर फोटोंसकट सगळा पसारा येईल. तयारीला काही तासांपासून एखाद-दोन दिवसही लागतात, मग मेलवर दुवा येतो. तो आठवडाभरच चालतो, म्हणून लगेच उतरवून घ्या. (दुवा यायलासुद्धा खात्यात जागा लागते, म्हणून वरचं व्हॉट्सॲपचं काम आधी.) झिपच्या आत एमबॉक्स नावाच्या प्रकारची एक मोठी फाइल असते, तुमची सगळी पत्रं एकाखाली एक, जोडपत्रांसकट. ही फाइल म्हणजे मूळ प्रत. तिच्यावर काम करायचं नाही, नुसती जपून ठेवायची. पेन ड्राइव्हवर टाकताना 'फाइल मोठी आहे' असं म्हणून अडली तर पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीचा आहे. त्यावर चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. फॉरमॅट करून एक्सफॅट ही नवी मांडणी करून घ्या, पण असं करताना त्यातलं सगळं पुसलं जातं हे लक्षात असू द्या.

दुसरी वाट थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्राम. फुकट आहे, मोझिलाच्या घरचं आहे, २००४ पासून चालू आहे. नाव आणि पत्ता टाकला की बाकीचं ते स्वतःच शोधतं आणि गूगलची खिडकी उघडून पासवर्ड विचारतं. 'पॉप की आयमॅप' (पत्रं आणायच्या दोन पद्धती) असं विचारलं तर आयमॅप घ्या. पण आयमॅप म्हणजे आरसा: जीमेलमध्ये जे आहे तेच घरी दिसतं, आणि तिकडे पुसलं की इकडूनही जातं. लोक नेमके इथेच फसतात. थंडरबर्डमध्ये सगळं दिसलं म्हणून 'आलं घरी' असं समजतात, जीमेल रिकामं करतात, आणि दुसऱ्या दिवशी घरचं खोकंही रिकामं. जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस पत्रं राहतात, तेवढीच सवड.

म्हणून डावीकडे सर्वांत खाली 'लोकल फोल्डर्स' असतं, त्यातलं फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर राहतं; त्यात वर्षवार फोल्डर करा: २००९, २०१० असे. मग जीमेलच्या 'ऑल मेल'मधून एकेका वर्षाची पत्रं निवडून तिकडे कॉपी करा. मूव्ह नव्हे, कॉपी. आणि फक्त 'ऑल मेल'च घ्या. जीमेलमधलं प्रत्येक लेबल थंडरबर्डला वेगळं फोल्डर दिसतं, त्यामुळे 'संघटना' आणि 'महत्त्वाचे' अशी दोन लेबलं असलेलं एकच पत्र तीन-तीनदा उतरतं. काम मध्येच अडलं तर घाबरू नका, आयमॅपवरून दिवसाला किती उतरवता येतं याला गूगलनं मर्यादा घातली आहे, सुमारे अडीच जीबी. राहिलेलं दुसऱ्या दिवशी.

लाईटचं मुद्दाम सांगतो, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे ती कधी जाईल याचा भरवसा नाही. थंडरबर्डमध्ये पत्र पुसलं तरी ते फाइलमधून लगेच जात नाही, त्यावर नुसती खूण होते. पुढे 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की ते पूर्ण फाइल नव्यानं लिहून काढतं. ह्याच वेळी लाईट गेली तर फोल्डर बिघडण्याचा धोका असतो. डेस्कटॉप यूपीएसवर असेल तरच कॉम्पॅक्ट करा. वर्षवार फोल्डर करायचं हेही एक कारण, बिघडलं तर एकच वर्ष बिघडतं.

हे सगळं विंडोजमध्ये एका लपवलेल्या फोल्डरात राहतं. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, तिथून 'प्रोफाइल फोल्डर' उघडतं. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, महिन्यातून एकदा. एक प्रत तुमच्या घरी, एक मुलीकडे संभाजीनगरला. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती ही एकच प्रत धरा. कॉम्प्युटर विंडोज १०चा असेल तर त्याचा मायक्रोसॉफ्टकडचा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. साठवणीला तो चालेल, बँकेच्या कामाला नको.

तुमच्या पत्रांत एक वेगळी अडचण निघणार. त्या काळातली परिपत्रकं, ठराव वगैरे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील. ते युनिकोड नव्हे, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं मराठी नव्हे. फाइल शाबूत राहील, पण तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. जुन्या मशीनवरून ते फॉन्ट त्याच हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा, आणि मोलाच्या दहा-वीस कागदांचं तिथेच पीडीएफ करा. मी तर म्हणेन सगळ्या कामात हेच आधी करा, कारण जुनं मशीन भंगारात गेलं की ते फॉन्ट शोधत बसावं लागतं.

आता पत्ता बदलायचं. झोहोबद्दल मला आकस नाही. कंपनी तामिळनाडूतली, केंद्र सरकारचा मेल त्यांच्याकडे गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्र्यांनी आपला पत्ता बदलल्याचं जाहीर केलं तेव्हापासून सगळे विचारतात. पण मोफत खात्यात ५ जीबी मिळतात. पंधरा भरले म्हणून पाचात जायचं हे गणित मला उमगत नाही. स्वतःच्या डोमेनच्या (@ नंतर स्वतःचं नाव असलेल्या पत्त्याच्या) मोफत योजनेत तर आयमॅपही नाही, म्हणजे थंडरबर्ड जोडायला पैसे भरावेच लागतात. प्रोटॉन या आणखी एका मेल सेवेचंही तसंच, थंडरबर्डला जोडायला तिला मध्ये 'ब्रिज' नावाचा प्रोग्राम लागतो आणि तो पैसे देणाऱ्यांनाच मिळतो.

घरच्या सर्व्हरचा नाद सोडा. पुतण्याला वाटत असेल लाईट गेली की पत्रं हरवतील, तर तसं नाही. पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. खरी अडचण तुमच्याकडून जाणाऱ्या पत्रांची. घरच्या ब्रॉडबँडला बहुधा कायमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता-क्रमांक) नसतो, मेल पाठवायचं पंचवीस क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दार, बहुधा बंद असतं, आणि यातून निभावलं तरी जीमेल तुमचं पत्र बऱ्याचदा स्पॅममध्ये टाकतं. हौस असेल तर पुतण्यानं स्वतःच्या पत्त्यावर करावी.

आणि नातीचा अर्ज. नीटचा निकाल, अखिल भारतीय कोट्याचं समुपदेशन, राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्या, सगळ्याच्या सूचना नोंदवलेल्या मेल आणि मोबाइलवर येतात. तिचा प्रवेश पक्का होऊन फी भरेपर्यंत ह्या खात्यातली एक सेटिंगही हलवू नका, अपवाद एकच. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'रिकव्हरी' क्रमांक कोणाचा आहे ते आजच बघा. त्या काळात आपल्याकडे कितीतरी खाती नेट कॅफेवाल्यानं काढून दिली आणि क्रमांक स्वतःचा टाकला. दुसऱ्याचा निघाला तर आधी तो बदला.

पुढच्या वर्षी पत्ता बदलायचाच ठरलं तर जुनं खातं बंद करू नका. त्यावरच तुमचा फोन, यूट्यूब, फोटो चालतात. नव्या पत्त्यावर फॉरवर्ड लावा, आणि आयकर, बँक, एलआयसी, डिजिलॉकर, जीवन प्रमाण, रेल्वे अशी एकेक जागा जसं पत्र येईल तशी बदलत चला. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं, म्हणून अधूनमधून आत जाऊन या.

तूर्त त्या स्टोरेजच्या पानावरचे मेल, ड्राइव्ह, फोटो आणि व्हॉट्सॲप बॅकअप यांचे आकडे कळवा. मेल चार जीबीच्या आत असेल तर पेन ड्राइव्हचा खटाटोपही वाचेल.