वॉर्डातल्या रुग्णांना टॅबवर मेंदूचे खेळ नुसते खेळायला दिले तर चालेल का?

कोल्हापुरातल्या तुमच्या वॉर्डात दोन टॅब आलेत आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ते थेट हातात द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. नुसते देऊ नका. रुग्ण खेळात पटाईत होईल, पण घरी गॅस बंद करायला विसरायचा तो विसरेलच. २०२१ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलेल्या अशा मेंदूच्या सरावाचे १३० अभ्यास आणि त्यांतल्या ८,८५१ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. सरासरी फायदा माफकच दिसला, पण शेजारी प्रशिक्षित थेरपिस्ट होता आणि सरावाची रोजच्या कामाशी सांगड घातली होती तिथे तो जास्त होता.

दाखल झाल्या झाल्या सुरुवात नको. झोप सुधारली, माणूस वीस मिनिटं एका जागी बसू लागला की मग. ईसीटी (विजेच्या झटक्यांचा उपचार) चालू असेल तर थांबा, त्या काळातल्या विसरभोळेपणाने खेळातले गुण फसवे येतात. आधी वीस मिनिटं, पुढे चाळीसपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस तरी. वेळ नाश्त्यानंतरची, गुंगीच्या गोळीनंतरची नको.

पातळी अशी ठेवा की दहातली आठ उत्तरं बरोबर यावीत. सॉफ्टवेअर पातळी आपोआप चढवत असलं तरी हाताने उतरवा. सारखं चुकणारा माणूस दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठत नाही.

गुण घसरले तर आधी बोटांकडे बघा. औषधांनी हात थरथरत असेल तर चित्रं लक्षात ठेवायच्या खेळात सफरचंदावर टेकवलेलं बोट शेजारच्या केळ्यावर सरकतं आणि यंत्र त्याला स्मरणशक्तीची चूक धरतं. चित्रं मोठी करा, चष्मा आहे का विचारा. थरथरीसाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलनेही स्मरणशक्ती मंदावते. मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला, गोळी परस्पर बंद करू नका.

माझ्या मते खरा उपचार टॅब बाजूला ठेवल्यावरच्या दहा मिनिटांत आहे. "पाच चित्रं कशी लक्षात ठेवलीत?" असं विचारा. कुणी मनात पुटपुटतो, कुणी भाज्या एकीकडे, फळं एकीकडे लावतो. ती युक्ती त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि त्याच दिवशी वापरायला लावा: स्वयंपाकघरातून चार वस्तू चिठ्ठीशिवाय आणणं, सकाळच्या गोळ्यांची वेळ स्वतः सांगणं. डिस्चार्ज जवळ आला की कपिलतीर्थ मंडईची यादी किंवा केएमटीची बस कुठे बदलायची, यावर तीच युक्ती लावून बघा. वही घरच्यांच्या हाती द्या आणि ती कशी वापरायची ते रुग्णालाच त्यांना समजावून सांगू द्या.