मोटर चालू आहे ना? फिस्टुलाच्या हाताविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून आमची द्राक्षबाग आहे. दोन महिन्यांपासून महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून त्यांचे नाशिकला आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, ते सध्या मानेतल्या नळीतून होते. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या मनगटाजवळ फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली. तो वापरात यायला किती काळ लागेल आणि त्याला कसे जपावे? ऑक्टोबर छाटणी चालू आहे आणि वडील घरात बसायला तयार नाहीत. शेजारी म्हणतात की हा हात आता दुबळाच राहणार.
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आपण विचारलेले नाही, तरी एक खुलासा आधी करतो, कारण तो दर महिन्याला कोणाला तरी करावा लागतो. गुदद्वाराजवळच्या भगंदरालाही डॉक्टर फिस्टुलाच म्हणतात, त्यामुळे मोबाइलवर हा शब्द शोधणारे नातेवाईक भलतेच पथ्य घेऊन येतात. आपल्या वडिलांचा फिस्टुला हा आजार नाही. मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर यांना शस्त्रक्रियेने जोडून मुद्दाम तयार केलेली ती वाट आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका रुग्णालयात ब्रेशिया, सिमिनो आणि टाके घालणारे शल्यविशारद अ‍ॅपेल यांनी ही पद्धत बसवली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. इतक्या वर्षांनंतरही, ज्यांच्या शिरा चांगल्या आहेत अशा बहुतेक रुग्णांसाठी तिच्याहून टिकाऊ सोय सापडलेली नाही.

डायलिसिसचे मशीन मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त ओढते आणि हाताची साधी शीर तेवढे देऊ शकत नाही. धमनीचा जोर शिरेत वळवला की ती काही आठवड्यांत रुंद आणि जाड भिंतीची होते, आणि मग तिच्यात दोन जाड सुया वारंवार टोचता येतात. यालाच आम्ही फिस्टुला पिकणे म्हणतो. त्याला सहसा सहा आठवडे ते तीन महिने लागतात. अंदाजासाठी सहाचा आकडा लक्षात ठेवावा : सहा आठवड्यांच्या सुमारास शिरेतून मिनिटाला ६०० मिलिलिटर रक्त वाहावे, तिची रुंदी ६ मिलिमीटर असावी आणि ती त्वचेखाली ६ मिलिमीटरपेक्षा खोल नसावी. म्हणून पुढच्या आठवड्यात डॉप्लर तपासणीबद्दल, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीबद्दल, डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. शीर फुगत नसेल तर ‘बघू अजून महिनाभर’ म्हणण्यात तोटा आहे, कारण तोवर मानेतली नळी राहते आणि त्या नळीवाटे थेट रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका फिस्टुलापेक्षा कितीतरी अधिक असतो.

आता रोजच्या तपासणीकडे येतो, कारण माझ्या मते बाकीची सगळी पथ्ये तिच्यानंतरची आहेत. वडिलांना त्यांच्याच भाषेत असे सांगा : विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपावर हात ठेवला की जी बारीक, अखंड थरथर लागते, तशीच थरथर जोडाच्या जागेवर उजव्या हाताची दोन बोटे अलगद टेकवल्यावर लागली पाहिजे. मनगट कानाशी नेले तर घूं-घूं असा आवाजही येतो. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा हे पाहावे. पाइप पुढे कुठे चिमटला की चिमट्याच्या मागच्या भागात पाणी ठोके देते, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. फिस्टुलातही थरथरीच्या जागी नुसती टणक धडधड लागू लागली तर पुढे शीर अरुंद झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच आठवड्यात दाखवावे. आणि थरथर अजिबातच लागेनाशी झाली, तर मोटर बंद पडली असे समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, डायलिसिस केंद्राला फोन करून नाशिक गाठावे. गुठळी ताजी असेपर्यंत, म्हणजे पहिल्या एकदोन दिवसांत, ती काढून फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता चांगली असते. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी शुक्रवारी बंद पडलेला फिस्टुला सोमवारच्या डायलिसिसपर्यंत हळद-तेल लावून शेकला होता. त्यांना पुन्हा मानेत नळी घालावी लागली आणि दुसऱ्या हाताची शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून चोळणे नको, शेकणे नको.

शेजाऱ्यांचे म्हणणे मनावर घेऊ नका. हात वापरायचा असतो; जखम भरून शल्यविशारदांनी होकार दिला की मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम दिवसातून तीनचार वेळा, पाचदहा मिनिटे करावा, त्याने शीर भरायला मदत होते. मात्र बोटे सतत गार पडणे, पांढुरकी दिसणे किंवा बधिर होऊन दुखणे ही लक्षणे वेगळी आहेत. जोड बोटांच्या वाट्याचे रक्त ओढून घेत असल्याची ती खूण असते, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे.

बागेचे म्हणाल, तर वडिलांना बांधावर उभे राहून माणसांकडून काम करून घ्यायला हरकत नाही, आणि खरे सांगायचे तर ते तसेही ऐकणार नाहीत. परंतु माल भरलेले क्रेट डाव्या हाताने उचलणे, फवारणीच्या पंपाचा पट्टा डाव्या खांद्यावर घेणे आणि छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावणे ही तीन कामे बंद. त्या पेस्टमधले हायड्रोजन सायनामाइड त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेतून सुई टोचता येत नाही. उन्हात घाम गाळून किंवा जुलाब-उलट्यांनी रक्तदाब उतरला तरी फिस्टुला गोठू शकतो. उलट दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी जास्त प्याले तर ते मशिनवर ओढून काढावे लागते आणि तिथे रक्तदाब कोसळतो, म्हणून ठरवून दिलेले पाण्याचे माप सांभाळणे हीदेखील फिस्टुलाचीच निगा आहे.

प्रश्न : माझे वय ४६ असून दोन वर्षांपासून फिस्टुलातून डायलिसिस होते. कमी दुखते म्हणून मी सुया नेहमी त्याच दोन जागी टोचून घेते. तिथे आता दोन फुगे आले आहेत आणि हल्ली सुई काढल्यावर रक्त थांबायला २५ मिनिटे लागतात. सासूबाईंना रिकामा हात पटत नाही. त्या हातात बांगड्या घातल्या तर चालतील का? रामकुंडावर स्नान करता येईल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बांगड्यांची नसून त्या २५ मिनिटांची आहे. व्यवस्थित दाबल्यास रक्त बहुधा १० ते १५ मिनिटांत थांबते. वीस मिनिटांपुढे वेळ वारंवार जाऊ लागला तर एक तर डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनची मात्रा तपासावी लागते किंवा पुढे शीर अरुंद होऊन आत दाब वाढलेला असतो. घरी एक पाहा : उताणे पडून तो हात सरळ वर उचला. फुगलेली शीर बरीचशी बसली पाहिजे. ती तशीच तट्ट राहिली, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. अरुंद जागा वेळीच सापडली तर शिरेत बारीक फुगा घालून ती रुंद करता येते.

एकाच जागी टोचल्याने वेदना कमी होतात हे खरे, पण तिथली भिंत सैल पडते आणि आपण लिहिता तसे फुगे येतात. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दर वेळी जागा थोडी पुढे सरकवत जाणे, हा नियम तंत्रज्ञांकडून आग्रहाने पाळून घ्या. बटनहोल नावाची एकाच छिद्राची पद्धत आहे, परंतु ती ठरावीक कोनाने आणि विशिष्ट सुईने करायची वेगळी शिस्त आहे. आपले चालले आहे ते बटनहोल नव्हे. फुग्यावरची कातडी पातळ, चकचकीत दिसू लागली, खपली धरून राहिली किंवा त्यातून थेंबभरही रक्त झिरपले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रक्ताची धार लागलीच, तर कापडाचे बोळे रचत बसू नये. नेमक्या छिद्रावर बोट घट्ट दाबून हात वर धरावा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगावा आणि मदत येईपर्यंत बोट काढू नये.

बांगड्या दुसऱ्या हातात हव्या तेवढ्या भरा. फिस्टुलाच्या हातात घट्ट बांगडी, घड्याळ, तंग बाही, राखीची आवळलेली गाठ, काहीच नको, आणि त्या कुशीवर झोपणेही नको. रामकुंडावर जायचे तर डायलिसिसच्या दिवशी आणि छिद्रे पूर्ण मिटेपर्यंत नाही. एरवी गेलात तर घरी येऊन तो हात साबणाने धुवा. डायलिसिसला बसण्यापूर्वीही त्याच साबण-पाण्याने हात धुणे हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत जास्त लोक टाळतात तो तोच.

प्रश्न : मी मधुमेही शिक्षक आहे. वर्षभरात डायलिसिस लागू शकेल असे डॉक्टर म्हणाले. आतापासून काही करावे का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : शिरा वाचवा. ज्या हाताने आपण फळ्यावर लिहीत नाही, त्या हाताच्या मनगटापासून वर रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. गरज पडली तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरा वापरायला सांगा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाबही मोजू देऊ नका. पथक बदलले की प्रत्येक नव्या माणसाला हे पुन्हा सांगावे लागते, म्हणून आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा : ‘डाव्या हाताला सुई नाही.’ आणि शिरांची डॉप्लर तपासणी व शल्यविशारदांची पहिली भेट शक्य तेवढ्या लवकर करून घ्या, म्हणजे फिस्टुला पिकण्याइतके महिने हातात राहतील आणि मानेतली नळी कदाचित लागणारच नाही.